एकसष्ट जागांचे खुराडे

एका राज्यात पोपट न्यायनिवाडे करीत आणि नद्या विचारून वळत. तिथला राजा शालिवर्मा मोठा लोभी. त्याने सेनापती दुर्जय आणि साठ शिपाई धूम्रा चेटकिणीच्या गुहेतला खजिना आणायला धाडले. पेटी सापडली, पण तिला पहिला हात कोणी लावायचा, यावरून त्यांनी तिथेच एकमेकांवर तलवारी उपसल्या. धूम्रेने मूठभर राख फुंकली. सेनापतीचा कोंबडा झाला, साठ शिपायांच्या कोंबड्या झाल्या.

"ज्या सांजेला तुम्ही सगळे न भांडता दांड्यांवर बसाल, एकही जमिनीवर उरणार नाही, त्या सांजेला सुटाल," ती म्हणाली. "पौर्णिमेपर्यंत जमले नाही, तर माणसाची बोली विसराल आणि असेच राहाल."

ते तसेच नगरात परतले आणि घडले ते सांगितले. राजाने त्यांच्यासाठी चंदनाचे खुराडे बांधले. आत जिन्यासारख्या एकीवर एक दांड्या लावून त्या सोन्याने मढवल्या. रोज सांजेला सगळ्यांना सर्वांत वरचीच दांडी हवी असे. पिसे उडत, रक्त निघे, वरच्यांची घाण खालच्यांच्या पाठीवर पडे. आणि रोज त्यांचे काही शब्द हरवत.

पौर्णिमेला तीन दिवस उरले, तेव्हा सगुणा दरबारात आली. हंबीर नावाच्या शिपायाची ही बायको. माहेर सुताराचे, सासरी कोंबड्या पाळलेल्या.

"महाराज, ते खुराडे माझ्या हाती द्या."

"मोठमोठे कारागीर हरले, बाई."

"त्यांनी राजवाडा बांधला, महाराज. कोंबड्या कशा झोपतात, ते मी रोज पाहते."

राजाने किल्ली दिली.

आत शिरताच तिने हंबीरला शोधले. साठही कोंबड्या तांबड्या, एकीसारखी दुसरी. तिने नावाने हाका मारल्या, उत्तर आले ते फक्त "मी वर, मी वर." तिने पदराने डोळे टिपले आणि लाकूड तासायचा वाकस उचलला.

पहिल्या दिवशी तिने जिना उखडला आणि सगळ्या दांड्या एका उंचीवर ठोकल्या. सांजेला भांडण पुष्कळच कमी झाले. पण सोन्यावरून पाय घसरून कोंबड्या धपाधप खाली पडल्या.

दुसऱ्या दिवशी तिने सोने फेकून दिले. बाभळीच्या चार बोटे रुंद दांड्या तासल्या, कडा गोल केल्या, म्हणजे बोटे पसरून बसता यावे आणि पोटाची ऊब पायांना मिळावी. चाळीस जणी सुखाने टेकल्या. उरलेल्या वीस भांडणांत जखमी झालेल्या. त्यांना उडी झेपेना.

तिसऱ्या दिवशी तिने आडव्या पट्ट्या ठोकलेली एक लांब फळी जमिनीपासून दांड्यांपर्यंत तिरपी लावली. सूर्य कलला. चाळीस जणी उडून बसल्या, जखमी वीस जणी पायरी पायरीने वर गेल्या. साठ झाल्या. कोंबडा मात्र जमिनीवर उभा होता.

"सेनापती, वर चला," सगुणा म्हणाली.

"उंच," कोंबडा म्हणाला. त्याच्यापाशी एवढाच शब्द उरला होता.

"उंच जागा नाही. तुमच्या वर कोणी बसणार नाही, खालीही कोणी नाही. शेजारी साठ जण असतील, तुम्हीच गुहेत नेलेले. तुम्ही इथे थांबलात, तर तेही सुटत नाहीत."

सूर्याची शेवटची कडा दिसत होती. तेवढ्यात मधल्या दोन कोंबड्या, कोणी न सांगता, बाजूला सरकल्या. त्यांच्यामध्ये एक जागा झाली. कोंबड्याने त्या जागेकडे पाहिले. त्याने मान खाली घातली आणि फळीवर पाय ठेवला.

तो टेकला मात्र, सगळ्या दांड्या कडाकड मोडल्या आणि एकसष्ट धडधाकट पुरुष पेंढ्यात कोसळले. कोणी हसू लागला, कोणी आपलेच नाव घेऊन पाहू लागला. दुर्जय उठला आणि साठही शिपायांना हात जोडून उभा राहिला.

धूम्रेचा कावळा दारावर येऊन बसला. "शाप फिटला," म्हणाला आणि उडून गेला. राजाने गुहेचे तोंड दगडांनी बुजवले आणि नगरात तीन दिवस नगारे वाजवले.

त्या गजरात हंबीर आणि सगुणा घरी निघाली.

"मला ओळखलेस का ग?" त्याने विचारले.

"नाही," ती म्हणाली. "म्हणून तर एकसष्ट जागा सारख्याच प्रेमाने तासल्या."

हंबीरने तिची हत्यारांची पिशवी आपल्या खांद्यावर घेतली, आणि दोघे नगाऱ्याच्या तालावर चालू लागली.