बयजाची वखार

निंबावतीच्या भुजंगराजांनी फर्मान काढलं, की बांधून पुरं न झालेलं घर हे घर नव्हे.

मग ते काय? यावर तीन शास्त्री महिनाभर बसले. मुदपाकखान्यातलं श्रीखंड संपलं तेव्हा कुठे निर्णय लागला. ज्या जागेत चूल पेटलेली नाही, वर छप्पर नाही आणि आत विटा, चुना, लाकूड पडलेलं आहे, तिथे माणूस राहत नाही, माल राहतो. माल राहतो ती वखार. आता घराची पट्टी वर्षाला एक रुपया आणि वखारीची सात. म्हणजे बांधकाम पुरं करायला ज्याच्याकडे पैसे उरलेले नाहीत, नेमकी त्याच्याकडूनच सातपट वसुली. एवढा बारीक विचार शास्त्र्यांशिवाय कुणाला सुचायचा!

गावात बयजा कासारीण होती. बारा वर्षं डोक्यावर बांगड्यांची पेटी घेऊन ती गावोगाव फिरली आणि देवळाच्या ओवरीत तीच पेटी उशाला घेऊन झोपली. यंदा तिने वेशीजवळ दोन खोल्यांचं जोतं घातलं होतं. शेजारी दोन हजार विटा रचून ठेवल्या होत्या. गवंडी दुसऱ्या दिवशी यायचा होता. पण त्याच्या आधी पट्टीचे कामदार अंताजीपंत आले.

पंतांनी जोत्याभोवती एक फेरी मारली, विटांना काठी लावून पाहिली आणि ही वखार आहे असं जाहीर केलं. आठ दिवसांत सात रुपये भरायचे, नाहीतर जागेला सरकारी कुलूप.

बयजाने हात जोडले. आपल्याकडे चार रुपये आहेत आणि तेही गवंड्याचे आहेत, असं तिने सांगितलं. हे राहायचं घर आहे, इथे चूल कुठे असेल, देव्हारा कुठे असेल, तेही बोटाने दाखवलं. पंतांना चूल दिसेना. जे झालेलं नाही ते पाहायची त्यांना सवय नव्हती, आणि जे झालेलं आहे ते पाहायचा हुकूम नव्हता.

म्हातारपण ओवरीतच जाणार की काय, या विचाराने बयजाचे डोळे भरून आले. मग तिने पदराने तोंड पुसलं आणि एवढंच विचारलं, "पंत, वखारीला सातपट कशापायी?"

पंतांची छाती फुगली. "अगं, वखारीतल्या मालाला सरकारचा पहारा असतो! नोंद झाली की त्याच दिवसापासून दोन शिपाई. माल नाहीसा झाला तर खजिन्यातून दुप्पट भरपाई."

"मग लिहून द्या."

पंतांनी झोकात लिहून दिलं: बयजा कासारीण, वखार एक, माल विटा दोन हजार. खाली शिक्का मारला.

संध्याकाळी दोन शिपाई भाले घेऊन आले. सकाळी गवंडी आला आणि भिंत चढू लागली. शिपायांना चोरावर नजर ठेवायचा हुकूम होता, गवंड्याबद्दल कुणी काही बोललं नव्हतं. तिसऱ्या दिवशी ते इतके कंटाळले, की भाले बाजूला ठेवून स्वतःच विटा पोचवू लागले.

आठव्या दिवशी बयजा दरबारात उभी राहिली. "म्हाराज, माझ्या वखारीतला माल गेला. दोन हजार विटा हुत्या, आज रचलेली एक बी न्हाई." आणि तिने शिक्क्याचा कागद पुढे केला.

शिपाई बोलावले गेले. एकही वीट जागेबाहेर गेली नाही, असं त्यांनी शपथेवर सांगितलं. अंताजीपंत घाईने म्हणाले, "महाराज, विटा भिंतीत आहेत."

"म्हणजे माल जागेवरच आहे," राजे म्हणाले. "भरपाई कसली?"

"बरं, मालच म्हना," बयजा म्हणाली. "पर वखारीला भिंती लागत्यात. त्या विटा माल असतील, तर माझ्या वखारीची भिंत कुटं हाय? उघड्यावर पडलेल्या ढिगाला वखारीची पट्टी लागती व्हय?"

राजांनी पंतांकडे पाहिलं. पंतांनी शब्द फिरवला. त्या विटा आता माल नव्हेत, भिंत आहेत, असं ते म्हणाले.

"मग दोन हजार विटांचा माल गेला कुटं? शिक्का तुमचाच हाय. दुप्पट म्हंजी चार हजार विटा."

खजिनदाराने पंतांकडे असं पाहिलं, की ते फेटा सावरत ओरडलेच, "अगं बाई, माल कुठेही गेलेला नाही! त्याचं घर झालंय, घर! एवढं धडधडीत दिसत नाही का तुला?"



"दिसतंय की. आठ दिसांमागं मी हेच दावत हुते," बयजा म्हणाली आणि तोच कागद तिने उलटा करून पंतांसमोर धरला. "पंत, आता येवढं लिहून द्या."

राजे आधी मिशीत हसले, मग मांडीवर थाप मारून पोट धरधरून हसले. अख्खा दरबार हसला. तिन्ही शास्त्रीही हसले, कारण राजे हसत होते. पंतांना लिहून द्यावं लागलं. आणि राहण्यासाठी बांधायला घेतलेली जागा जोतं घातल्या दिवसापासून घरच, असं नवं फर्मान तिथल्या तिथे निघालं.

बयजाला बक्षीस म्हणून छपराची सगळी कौलं सरकारातून मिळाली. ती वेशीपर्यंत वाहून न्यायचं काम राजांनी अंताजीपंतांना दिलं.

पंतांनी पहिली पाटी डोक्यावर घेतली, तेव्हा राजांनी मागून हाक मारली, "पंत, नीट ऐका. तुमच्या डोक्यावर आहे तोवर तो माल आहे. एक जरी कौल फुटलं, तर दुप्पट भरपाई!"