पुलावरचं पिवळं घर

पुलावर कुणी घरं बांधतं का, असं म्हणून हसू नका हं! झुळझुळी नदीकाठच्या मोरवंडी गावात दगडी पुलावर लाल, निळी, हिरवी घरं एकमेकांना खेटून उभी आहेत. पण फार फार पूर्वी हा पूल अगदी ओकाबोका होता. पुलाच्या टोकाशी, पालथ्या नावेखाली, छोटी सगुणा आणि तिचे आजारी बाबा राहायचे. बाबा नावाडी. पूल झाल्यावर त्यांच्या नावेत बसणार कोण? त्यात पुरानं झोपडीही नेली. बिचारी सगुणा शेजारच्या चंपाकाकूंकडे आसरा मागायला गेली, तर काकू म्हणाल्या, "इथे नको गं बाई, माझी ओसरी चिखलानं भरेल!" आणि धाडकन दार लावलं.

एका सकाळी केवड्याच्या बनाजवळ बाबांच्या जाळ्यात काहीतरी चमचमलं. सगुणा बघते तर काय, इवलीशी परी! मोरपिशी झगा, केसांत दवाचे थेंब आणि चतुरासारखे पातळ पंख जाळ्यात गुरफटलेले.

"हलू नकोस हं, पंख फाटतील," सगुणा म्हणाली, आणि त्यांच्याकडचं एकुलतं एक जाळं तिनं कचाकचा कापून टाकलं.

परी भुर्रकन तिच्या बोटावर येऊन बसली. "वेडाबाई, आता तुम्ही खाणार काय? माग, काय हवं ते माग!"

"पूर पोचणार नाही असं घर दे. आणि बाबांना पडल्या पडल्या नदी दिसू दे. नदीशिवाय ते फार कोमेजतात गं."

"दिलं! पण अट ऐक. कुणी विचारलं, 'तुमच्या भिंतीला टेकू का?' तर म्हणायचं, 'टेका की!' एकदाच, फक्त एकदाच, 'नाही' म्हणायची तुला मुभा."

आणि काय सांगू, पुलाच्या मधोमध लिंबासारखं पिवळंधम्मक घर उभं राहिलं! बाबांच्या खाटेशी एक खिडकी, खिडकीत निळीशार नदी.

मग कासार आला. "पोरी, टेकू का?" "टेका की, काका!" त्याचं घर सगुणाच्या भिंतीला टेकलं. त्याच्या भिंतीला बुरुडीण टेकली, तिच्या भिंतीला कुंभार. असं करता करता त्या बाजूला पुलाचं टोकच आलं. आता उरली फक्त दुसऱ्या बाजूची, खिडकीची भिंत.

पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पूर आला. आणि दारात कोण उभं? चंपाकाकू! ओल्याचिंब, कडेवर तान्हा नातू. त्यांचं घर पुरात वाहून गेलं होतं. लाजेनं कशाबशा पुटपुटल्या, "सगुणे... टेकू का गं?"

सगुणानं खिडकीकडे पाहिलं. ती एकुलती एक 'नाही' तिनं या खिडकीसाठीच तर जपली होती! आत बाबा नदीकडे बघत पडले होते. आणि ती ओसरी तरी कशी विसरायची? 'नाही' अगदी ओठांवर आली. तेवढ्यात बाळ थंडीनं कुडकुडलं.

"टेका की, काकू," सगुणा म्हणाली, आणि बाळाला तिनं आपल्या ओढणीत गुंडाळलं.

काकूंचं घर उभं राहिलं. खिडकी बुजली. बाबा नुसते भिंतीकडे बघत राहिले. सगुणाला रडू आवरेना.

"अगं, तुझी 'नाही' उरली की!" कौलांच्या फटीतून परी उतरली होती.

"उरू दे. बाळ गारठलं होतं."

"मग ती मला देऊन टाक," परी हसली, आणि खाटेशेजारच्या जमिनीवर तिनं आपली इवलीशी टाच आपटली. जमिनीतच गोल खिडकी उघडली! खालून नदीचा रुपेरी उजेड उसळून छतावर नाचू लागला, आणि परी हसत हसत त्या उजेडातच विरून गेली.

बाबा कोपरावर उठले, खाली वाकले. थेट त्यांच्याखालून, कमानीतून, एक नाव येत होती.

"अरे ए!" बाबांचा आवाज खणखणला. "डावीकडे घे, डावीकडे! उजवीकडे खडक आहे!"

खालून नावाडी ओरडला, "बरं झालं सांगितलंत, मामा!"