शेपटातली पाचर

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. डोंगरांच्या एका राज्यात रस्ते नव्हते. लोक या माथ्यावरून त्या माथ्यावर लाकडाच्या छोट्या विमानांनी जात. विमान उभं असताना शेपूट वाऱ्याने हलू नये म्हणून त्यात पाचर ठोकत. उडण्याआधी ती काढायची.

रिवाज असा, की माथ्यावरच्या म्हाताऱ्या राखणदाराने एकेक विचारायचं आणि वैमानिकाने हात लावून, बघून उत्तर द्यायचं.

त्या राज्यात एक तरुण वैमानिक होती. मोठी तरबेज. हजार खेपा झालेल्या. पण घरी तान्हं बाळ, त्यामुळे डोक्यात सदा एकच घोर: उठलं असेल का? रडत असेल का?

एके दिवशी ती घाईघाईने विमानात बसली.

"पंख?" राखणदाराने विचारलं.

"बघितले."

"दोर?"

"बघितले, आजोबा."

"पाच..."

"काढली हो! तुमचं विचारून होईतो माझं पोर चालायला लागेल."

राखणदार हसला. विमान उडालं. वळायची वेळ आली, तेव्हा मात्र ते काही केल्या वळेना. समोरच्या झाडीत जाऊन आदळलं. तिचा पाय मोडला, विमानाचा चुराडा झाला.

राजाने विमान बनवणाऱ्या सुताराला दरबारात उभं केलं. "लाकूड कच्चं वापरलंस. उद्या राज्य सोडून जा."

"महाराज, या वयात कुठं जाऊ?" सुतार रडू लागला.

वैमानिकालाही खाटेसकट दरबारात आणलं होतं; ती पडून ऐकत होती. गप्प राहिली असती, तर कुणाला कळणार होतं? आणि बोलावं, तर लोक म्हणणार, पोरात जीव अडकलेल्या बाईने विमान उडवावंच कशाला. हे तर तिचं तिलाही रोज वाटायचं!

तरी ती बोलली. "महाराज, सुताराचं काम चोख होतं. आदल्या दिवशी पाचर मीच ठोकली, आणि काढायची राहिली."

"अगं, पण काढली म्हणालीस ना मला?" राखणदार चकित झाला.

"खोटं नाही बोलले, आजोबा. रोज काढते, म्हणून आजही काढली असंच वाटलं."

"मीही हसून सोडून दिलं," म्हातारा पुटपुटला.

सुतार राज्यातच राहिला. त्या तरुण वैमानिकाला वर्षभर विमान मिळालं नाही. तेव्हापासून मात्र 'काढली' हे उत्तर कुणी ऐकेना. पाचर राखणदाराच्या तळहातावर ठेवल्याखेरीज विमान सुटत नसे. आणि जो जितका तरबेज, त्याच्यापुढे म्हातारा तितका जास्त वेळ हात पसरून उभा राही.

तात्पर्य: सवयीवर विसंबून 'केलं' म्हणू नये, रोजचंच काम रोज नव्याने बघावं.