लेण्यातली भेग

फार वर्षांपूर्वी डोंगरातलं एक जुनं कोरीव लेणं पक्ष्यांनी राखीव ठरवलं होतं. राखण मोराकडे होती, आणि ती नीट होते का हे पाहायला दरवर्षी म्हातारा करकोचा यायचा.

त्या वर्षी छताला भेग पडली. भेगेला लागूनच पाकोळीचं घरटं होतं. दगड कुरकुरला की ती पिल्लांवर पंख पसरून जीव मुठीत धरून बसायची. तिने मोराला सांगितलं, तर तो म्हणाला, "करकोच्यासमोर बोललीस, तर इथे तुला जागा नाही." मग त्याने भेग चिखलाने लिंपली आणि अंगण झाडून लख्ख केलं.

करकोचा आला. अंगण पाहून खूश झाला. "आत सगळं ठीक आहे ना, बाई?" त्याने पाकोळीला विचारलं. त्याच्या मागेच मोर उभा होता. तेवढ्यात छतातून पिल्लांवर माती भुरभुरली.

"नाही, काका," ती कापऱ्या आवाजात म्हणाली. "तो चिखल काढून बघा."

करकोच्याने चोच खुपसली. ती पार डोळ्यांपर्यंत आत गेली. "आधी पिल्लांना बाहेर काढ," तो हळूच म्हणाला.

पाकोळीने पिल्लू उचलून मागे पाहिलं, तर मोर केव्हाच अंगणापलीकडे पोचला होता.