डोळे मिटून घेतलेला घोट

आंधळ्या पारख्याच्या कथेची अनेक रूपे आढळतात. कुठे तो स्पर्शाने मोती ओळखतो, कुठे टापांवरून घोडा. आंबोली घाटातले रूप अलीकडचे आहे.

नाशिकच्या द्राक्षमळ्यांतून वेंगुर्ल्याच्या किनाऱ्याकडे निघालेल्या सहलींबरोबर सहल कंपनीचे वाटाडे सोमा गावकर मळ्यांपासूनच असत आणि घाटातले पक्षी दाखवत. त्यांची नजर मंदावली होती. पण रानातले काम सुटेल या भीतीने त्यांनी ते कोणाला सांगितले नव्हते. त्या सकाळी शीळ ऐकून ते म्हणाले, "कस्तूर!" आणि बोट भलत्याच झाडाकडे गेले.

वाइनचे जाणकार म्हणून मिरवणारे राजाध्यक्षसाहेब कडाडले, "अहो, तुम्हाला दिसतच नाही! रंग न पाहता पक्षी ओळखता? आजच कंपनीला कळवतो."

सोमा सावकाश म्हणाले, "साहेब, काल मळ्यात आपणच म्हणालात, रंग फसवतो. मग डोळे मिटून घोट घेतलात आणि द्राक्षं कुठल्या उतारावरची, ते सांगितलंत. आम्ही टाळ्या वाजवल्या. कंपनीला नाही कळवलं."

मंडळी हसली. साहेब आधी लालबुंद झाले, मग त्यांनाही हसू फुटले. कस्तुराने पुन्हा शीळ घातली, तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले.

वेंगुर्ल्यात पायऱ्यांवरून समुद्राकडे उतरताना साहेबांनी सोमांचा हात धरला आणि प्रत्येक पायरी त्यांना आधी सांगितली.