अनंताची फांदी

“शाप लागतो की नाही, तेवढंच सांगा,” त्र्यंबकराव म्हणाले आणि हातातलं वाळलेलं झाड त्यांनी मुळांसकट ओवरीच्या फरशीवर आपटलं.

गोदामाय वाती वळत होती. नदीकाठच्या देवळात राहणारी ही म्हातारी बैरागीण त्र्यंबकरावांची गुरू. तिच्यासमोर आजवर त्यांचा आवाज कधी चढला नव्हता. आज ते पाया पडायचंही विसरले.

“कुणाचा शाप?”

“शेजारच्या अनसूयेचा. दमयंतीने लावलेला अनंत हा. बायको गेली, मागे एवढंच ठेवून गेली. अनसूया फांदी मागायला आली, मी नाही म्हटलं. तर हिने भिंतीवरून हात घालून तोडून नेली. मग मीही भर गल्लीत तिची अब्रू काढली. तर म्हणते, जळो तुमचं झाड… आणि जळलं.”

मायने पुढची वात वळायला घेतली.

“त्या चोरीच्या फांदीचं तिकडे झाड झालंय. फुललंय. सकाळी उठलो की माझ्या झाडाचा वास मला तिच्या अंगणातून येतो, माय. चोर तो चोर, वर शिरजोर.”

रात्रभर ते या रागातच तळमळले होते.

मायने वाती बाजूला ठेवल्या. झाड उचलून मुळं नाकाशी धरली. दोन बोटांत दाबली, तशी साल निसटून हातात आली. आत सगळं काळं होतं.

“पाणी किती घालत होतास?”

“सकाळ-संध्याकाळ. चोरी झाल्यापासून मी झाडापासून हललोच नाही…”

“मुळं कुजलीत, त्र्यंबक. शापाने मुळं कुजत नाहीत.”

हे त्यांना अजिबात रुचलं नाही. दमयंतीचं झाड आपल्या हातून मेलं, हे मानण्यापेक्षा ते अनसूयेने मारलं, हे पुष्कळ सोपं होतं.

“असेल. पण तिच्याकडचं झाड माझं आहे. मी उपटून आणतो.”

मायने कोपऱ्यातली कुदळ त्यांच्याकडे सरकवली.

“आण.”

त्र्यंबकरावांनी तावातावाने कुदळ उचलली. दोन पायऱ्या उतरले आणि थबकले.

“ऐन बहरात आहे ते. आत्ता उपटलं तर मरेल.”

“मरू दे. चोरीचं तर आहे.”

“चोरीचं कसं? दमयंतीचं आहे ते.”

त्र्यंबकराव तिथेच पायरीवर बसले. दमयंती असती, तर अनसूयेने मागायच्या आत तिने फांदी तोडून दिली असती. हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि सगळ्यात जास्त राग त्याचाच होता.

“मग एक फांदी तेवढी आणतो,” थोड्या वेळाने ते म्हणाले. “भिंत बुटकी आहे. दुपारी ती झोपलेली असते.”

“उपटायला तयार, चोरायला तयार…” मायने पुन्हा वाती घेतल्या. “मागायचं तेवढं सुचत नाही.”

“त्या बाईपुढे हात पसरू? मी?” त्र्यंबकराव ताडकन उठले. “उभ्या गल्लीसमोर माझा उद्धार करील ती.”

“करील.”

“माझ्या मेलेल्या बापालासुद्धा सोडणार नाही.”

“नाही सोडणार.”

“आणि मी काय करायचं?”

मायने वात वळून पूर्ण केली.

“ऐकून घ्यायचं. सगळं. अर्ध्यात उठून आलास, तर फांदी मिळायची नाही.”