आवडाईचा आंबटधोंडा

खूप वर्षं झाली या गोष्टीला. इतकी, की तेव्हा डोंगरवाडी आणि खालवाडी एकमेकींशी बोलतसुद्धा नव्हत्या. कारण काय, तर एक धोंडा! ओढ्याच्या तोंडाशी चुनखडीचा भलामोठा पांढरा धोंडा आडवा पडलेला. सगळं पाणी त्याला अडून डोंगरवाडीकडे वळायचं आणि खालवाडी कोरडी ठणठणीत.

डोंगरवाडीचा पाटील मिशीवर ताव देत म्हणायचा, "धोंडा फोडा आन् न्या की पानी! म्या कुटं आडीवतोय?" खालवाडीच्या गड्यांनी घण घातले. घणांचे दांडे मोडले, पण धोंड्याचा टवका उडेना. शेवटी लोकांनी गाव सोडायचं ठरवलं.

आवडाईला मात्र हलायचं नव्हतं. तिनं पोरीसारखी वाढवलेली चिंच नुकती कुठे धरू लागली होती. ती रोज दारातल्या चुनखडीच्याच पांढऱ्या पायरीवर चिंच कोळायची, सांडायची आणि सासूची बोलणी खायची. एक दिवस सासूनं पाय ठेवला नि पायरीचा कोपरा ढेकळासारखा निखळला.

"सटवे, तुज्या चिंचंनं पायरी खाल्ली की गं!"

आवडाई हसतच सुटली. पायरी खाल्ली, मग धोंड्यानं काय घोडं मारलंय?

दुसऱ्या दिवसापासून तिनं धोंड्यावरच बस्तान मांडलं. घरोघरचं आंबट ताक, कैरीचं पाणी, चिंचेचा कोळ, सगळं त्याच्या भेगांत ओतायची. धोंडा फसफसायचा. असं म्हणतात, नुसत्या वासानं वाटसरूंचे दात आंबायचे. डोंगरवाडीकर पोट धरधरून हसायचे, "धोंड्याचं लोणचं घालतीया!" आवडाई पुढची घागर रिकामी करायची.

चिंचेचा हंगाम सरला. खणखण वाजणारा धोंडा आता बद्द वाजू लागला. धोंडा फोडायच्या दिवशी पाटलासकट सगळी डोंगरवाडी मजा बघायला जमली. आवडाईनं घण मागवलाच नाही. तिनं सासूच्या हाती मुसळ दिलं.

"आत्याबाई, पायरीचा राग हितं काढा."

सासूनं मुसळ घातलं आणि धोंडा उभा चिरला! पाणी असं सुटलं, की असं म्हणतात, पाटलाचं पागोटं थेट खालवाडीच्या वेशीत जाऊन थांबलं. तेव्हापासून ओढा दोन्ही वाड्यांचा झाला.

अजूनही चैत्रात डोंगरवाडीचा पाटील पाण्याची घागर स्वतःच्या डोक्यावरून खालवाडीत आणतो. तिथली सगळ्यांत म्हातारी बाई त्याला वाटीभर चिंचेचा कोळ देते. तोंड वाकडं न करता तो प्यायचा असतो. आजवर एकाही पाटलाला ते जमलेलं नाही. त्याचे डोळे मिटले रे मिटले, की सारी खालवाडी ओरडते, "आवडाईऽऽ!" आणि सगळ्यांत मोठ्यानं पाटीलच हसतो.